रोजच्या चाळीस फेऱ्या

गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यांना पकडणारा कॅमेरा बसवला, की कुणाला तरी फोनवर बोलत त्याच्यासमोरून जाऊन दाखवावं लागतं. ते काम माझं. रस्ता बंद करून रोज चाळीस फेऱ्या.

पहिल्या दिवशी मी नुसताच फोन कानाला लावून गेलो. "नाटक नको, खरंच कुणाशी तरी बोला," साहेब खेकसले. भर दुपारी रिकामं कोण असणार? बाबांना लावला. रिटायर्ड फिटर, घरी एकटेच, फोनवर 'हं'च्या पुढे न जाणारे. कॅमेऱ्याच्या टेस्टिंगसाठी फोन केलाय, हे मी आधीच सांगून टाकलं.

"कामाचं आहे ना? मग चालेल," म्हणाले.

चौथ्या दिवशी ते शेजारच्यांच्या मिक्सरबद्दल बोलले. दहाव्या दिवशी गुडघ्याबद्दल, जो माझ्या माहितीप्रमाणे ठणठणीत होता. पुढे पुढे आईबद्दलही. कॅमेरा प्रत्येक फेरीत मला बरोबर पकडत होता.

तीन आठवड्यांनी कॅमेरा पास झाला. रस्ता खुला झाला आणि मी दुसऱ्या कामात अडकलो.

दोन महिन्यांनी बाबांचा फोन आला. आपणहून, पहिल्यांदाच.

"तो कॅमेरा चालतोय का नीट?"

"एकदम. एकही तक्रार नाही."




"तरी बघ एकदा. मशीन आहे, अधूनमधून टेस्टिंग करावं लागतं."