भिंतीपलीकडचे रेडिओवाले

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा एका खोलीचा ब्लॉक विकायला निघाला. शिवणकाकू कुणाचे तरी पडदे खांद्यावर टाकून जिना चढत होत्या, तेव्हा सेक्रेटरीणबाई फळ्यावर पाटी लावत होत्या. पाटी वाचून काकू पायरीवरच बसल्या.

खोली त्यांनी पाहिलेली होती. लहानशीच, पण खिडकी भिंतभर. खाली शांत गल्ली, समोर दोन झाडं, आणि दुपारभर उजेड. सुईत दोरा ओवायला असा उजेड मिळायला भाग्य लागतं.

काकूंचं स्वतःचं असं कधी काही नव्हतं. बापाच्या घरी चार बहिणींत एक अंथरूण. लग्नानंतर सासूच्या कॉटखालची जागा. शिवणाची मशीन तर जन्मभर जेवायच्या टेबलावरच. जेवणवेळ झाली की अर्धा बेतलेला झगा गोळा करायचा, टाचण्या वेचायच्या, मशीन खाली उतरवायची. जेवणं आटोपली की पुन्हा वर. त्यात पाठ गेली. आता त्यांना एवढंच हवं होतं, की अंथरलेलं कापड सकाळी जसंच्या तसं सापडावं.

"आई, या वयात कशाला हा उपद्व्याप?" थोरली म्हणाली.

"या वयातच. पुढच्या वयात मशीन उचलणार कोण? तू?"

पैसा शिवणाचा होता, साठवलेला होता; त्याचा घोर नव्हता. घोर होता सोसायटीचा. तिथले अध्यक्ष भारी शिस्तीचे. इमारतीच्या भिंती पातळ, म्हणून त्यांनीच नियम केला होता: ज्याची भिंत लागून, तो शेजारी सगळ्यांसमोर 'हरकत नाही' म्हणाला तरच घर विकायचं. आणि या खोलीला भिंत लागून होते रेडिओवाले.

रेडिओवाल्यांचं दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं, पण घरात सात-आठ रेडिओ अजून जिवंत होते. कुणी खोली बघायला आलं, की पलीकडे सगळे एकदम सुरू व्हायचे. एका स्टेशनवर बातम्या, दुसऱ्यावर गाणी, तिसऱ्यावर नुसती खरखर. एक गिऱ्हाईक जिन्यातूनच परतलं. एका बाईंनी कानावर हात ठेवून स्वयंपाकाचा ओटा पाहिला आणि पाणीही न पिता गेल्या. गिऱ्हाईक म्हणून राहता राहिला अध्यक्षांचा भाचा. तो एका कानानं बहिराच होता, त्यामुळे अध्यक्ष निश्चिंत होते.

काकूंनी रेडिओवाल्यांना आधीच एकदा विचारून पाहिलं होतं.

"कमिटीपुढे बघू," ते म्हणाले, आणि बातम्यांचा आवाज वाढवला. त्यांच्या मनात काय आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

सभेच्या दिवशी काकू इस्त्रीचं लुगडं नेसून टेबलाच्या एका टोकाला बसल्या. दुसऱ्या टोकाला रेडिओवाले, हाताची घडी घालून. मधे अध्यक्ष, सेक्रेटरीणबाई आणि कमिटी.

"काकू, म्हणजे तुम्ही तिथे एकट्याच बसणार-उठणार?" अध्यक्षांनी सुरुवात केली.

"मी आणि माझी मशीन."

"लोक काय म्हणतील, विचार केलात?"

"लोक म्हणतील, ब्लाउज कधी देता."

कमिटीत खसखस पिकली. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मोहरा वळवला. "रेडिओवाले, तुम्ही नीट विचार करून बोला. रोजचा प्रश्न आहे. तुमची हरकत असेल तर मी समजू शकतो. आम्ही सगळेच समजू शकतो."

रेडिओवाले सावकाश पुढे वाकले. "बाई, मशीनचा आवाज किती?"

'बाई' ऐकताच सेक्रेटरीणबाईंनी तोंडासमोर फाइल धरली.

"तुमच्या एका रेडिओपेक्षा कमी," काकू म्हणाल्या.

"तुमच्या हातच्या भाजीत बटणं सापडतात म्हणे."

"खाणाऱ्यानं नीट चावावं."

"भांडण झालं तर?"

"दार लावून घेईन. कडी माझी असेल."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आशा फुलली. काकूंनी पदराखाली मुठी आवळल्या. इतका जवळ आलेला घास, आणि तोही या माणसाच्या हातात!

रेडिओवाले उठले. "शिवणाला उजेड लागतो. आमच्या बाजूला उजेड नाही, हे मला इतकी वर्षं दिसत होतं." मग अध्यक्षांकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाले, "भिंत माझी. माझी हरकत नाही. लिहून घ्या."

"अहो, पण..." अध्यक्ष उठू लागले.

"नियम तुमचाच आहे," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या, आणि लिहूनही मोकळ्या झाल्या.

किल्ली हातात आली त्या दिवशी काकूंनी मशीन खिडकीशी मांडली. जमिनीवर हिरवं कापड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलं, खडूनं बेतलं, अर्धं कापलं. जेवणवेळ झाली. काकूंनी कापडाकडे पाहिलं, कात्री त्याच्यावरच टाकली आणि खिडकीत पाय पसरून बसल्या. एक टाचणीसुद्धा उचलली नाही.

दारावर टकटक झाली.

"कोण?"

"मी. येऊ का?"

"कापडावर पाय द्यायचा नाही."

"नाही देत."

"मग या."

रेडिओवाले गेले ते थोरलीला मुलगी झाली त्या वर्षी, थंडी सरता सरता. आदल्या संध्याकाळपर्यंत ते रोज तसेच, बाहेर चपला काढून, दार वाजवून, 'या' ऐकू आल्यावरच आत पाऊल टाकून, आपल्या बायकोच्या घरी चहाला जात होते.