काचघुमट

"नियमांच्या पुस्तकात एवढंच आहे," मास्तर म्हणाला आणि परत वाचू लागला. "घुमट टाकणाऱ्याने आतच थांबायचं. बाकीच्यांनी खुशाल आत-बाहेर करावं. टाकणारा बाहेर पडला, की घुमट विरला."

"म्हणजे मीच तेवढी आत," ताई म्हणाली.

"मंत्र तूच टाकलास ना गं!" धाकटी म्हणाली.

रविवारची दुपार. ताईचं कटिंगचं टेबल, आणि त्यावर शिवणाच्या निळ्या खडूने काढलेला ताटाएवढा गोल. तो काचघुमट. गोलाबाहेर काळी बटणं मांडलेली. ते राखेचे लांडगे. गोलात तीन सोंगट्या: धाकट्या बहिणीची किल्ली, तिच्या नवऱ्याचं, म्हणजे जावईबापूंचं, पेनाचं टोपण आणि ताईचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. खेळ धाकट्या भावाचा, म्हणजे मास्तरचा. शाळेत गणित शिकवून उरलेला सगळा अधिकार तो इथे गाजवायचा. गोष्ट तो सांगणार, फासे बाकीचे टाकणार, वाद झाला की पुस्तक तोच उघडणार. बसायचं मात्र ताईच्याच घरी. आतल्या खोलीत बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांच्या खाटेला सायकलची घंटी बसवलेली. ताईला कुठे हलता येत नाही, म्हणून खेळच तिच्याकडे यायचा.

गेले तीन रविवार ताई घुमटात होती. तेवढ्या काळात धाकटीने बाहेर जाऊन एक गरुड माणसाळवला, आणि जावईबापूंनी दोन गावं सोडवून एका गावात स्वतःचा पुतळासुद्धा उभारून घेतला. दोघं दमून परत यायचे, घुमटात झोपायचे, जखमा भरून आल्या की पुन्हा निघायचे. "ताई आहे म्हणून बरं," असं दर वेळी म्हणायचे. तेही अगदी मनापासून.

"मला एक सांग," ताई मास्तरला म्हणाली. "हा घुमट दुसऱ्या कुणाला सांभाळायला देता येतो का? पंधरा दिवस."

मास्तरने मान वर केली. खेळायला बसण्याआधी, चहाच्या वेळी तिने पत्र दाखवलं होतं. तयार कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून तिला घेणार होते; आधी पंधरा दिवस तिकडे राहून काम शिकायचं. होय की नाही, ते उद्या दुपारपर्यंत कळवायचं. तिघांनी पत्र वाचलं, "अरे वा" म्हणाले. धाकटीने तर मिठीच मारली. मग मास्तरने फासे काढले. पत्र आता टाचण्यांच्या डबीखाली होतं, एक कोपरा बाहेर.

"खेळातले पंधरा दिवस ना?" मास्तरने विचारलं.

"खेळातलेच."

त्याने पानं पुढे-मागे केली. "देता येतो असंही नाही, येत नाही असंही नाही."

"मग मूठ," जावईबापू म्हणाले.

पुस्तक गप्प बसलं, की या घरात मूठ. प्रत्येकाने मुठीखाली एक फासा दडवायचा, सहा म्हणजे हो, एक म्हणजे नाही, आणि सगळ्यांनी एकदम उघडायचं.

मुठी उघडल्या. सहा, सहा, सहा, सहा.

धाकटीने टाळी वाजवली. "सुटलीस की गं! उगाच तीन रविवार अडकून पडलीस. आधी नाही का विचारायचं?"

"मास्तर, समासात लिहून ठेवा. पेननं," जावईबापू म्हणाले. मास्तरने लिहिलं, खाली तारीखही घातली.

"मग कोण घेतंय?" ताईने विचारलं.

धाकटीने किल्ली जरा सरळ केली. "माझा गरुड आहे गं. तो एका जागी कुठला राहतोय?"

"आमची तिसऱ्या गावात वाट बघतायत," जावईबापू म्हणाले आणि हसले. एकटेच.

"मी तर खेळवणारा," मास्तर म्हणाला. "मला सोंगटीच नाही."

ताईने अंगुस्तान चिमटीत उचललं आणि लांडग्यांच्या पार पलीकडे, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवलं. तिच्या मनगटाने खडूची रेघ बोटभर पुसली गेली.

"ताई, अगं! घुमट जाईल. आम्ही आत आहोत!" धाकटी म्हणाली.

"हो."

"अकरा लांडगे आहेत!"

"माहितीये. तीन रविवार तेच तर मोजतेय."

मास्तरने फासे हातात घेतले, खुळखुळवले, पण टाकले नाहीत. "ताई, नीट विचार कर."

तेवढ्यात आतून घंटी वाजली. कुणी हललं नाही. ताईने तिघांकडे एकेकदा पाहिलं. घंटी पुन्हा वाजली.

"ताई, बाबा," धाकटी हळूच म्हणाली. जसं काही ताईला ऐकू आलं नव्हतं.

ताई उठली. तिने बाबांना पाणी पाजलं, कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

"जिंकतंय कोण?" बाबांनी विचारलं.

"यात कुणी जिंकत नाही, बाबा. सगळ्यांनी मिळून निभवायचं असतं."

"मग बरंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ती बाहेर आली तेव्हा तिघंही आपापल्या खेळाच्या कागदांत डोकं घालून बसले होते. अंगुस्तान गोलात होतं, अगदी मधोमध. पुसलेली रेघ पुन्हा ओढलेली होती, आधीपेक्षा ठळक.

"ये ताई," मास्तर मान वर न करता म्हणाला. "तुझीच पाळी आहे."

ताईने आधी अंगुस्तानाकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. तिघांच्याही बोटांना निळा खडू लागला होता.