मणक्यातला पहारेकरी

हेरंबची आई न्हाणीघरात घसरून पडली होती. "उठव रे मला," ती कळवळून म्हणाली. हेरंबने गुडघे टेकले, तिच्या काखेत हात घातले, आणि भार येताच त्याचे हात लुळे पडले. मणक्यात बसवलेल्या यंत्राने ते सैल सोडले होते.

त्याने डॉक्टर मुळगुंदांना फोन लावला. पाठ-मान दुखायला नको असेल तर जड उचलायचं नाही, हा त्यांचाच सल्ला. लोक सल्ला पाळत नाहीत, म्हणून यंत्रही त्यांनीच बसवलेलं.

"थोडा वेळ बंद करा ना, डॉक्टर. आई पडलीय."

"त्यासाठी पाठ उघडावी लागेल हो," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "उचलणारी गाडी पाठवतो, पण तासभर लागेल. शेजारी कोणी नाही का?"

शेजारी होते, पण त्यांच्याही मणक्यात तेच यंत्र होतं.

हेरंब ओल्या फरशीवर आईला बिलगून बसला. ती कुडकुडत होती. त्याने तिच्या अंगावर टॉवेल पांघरला. तेवढंच त्याला जमलं. तिने चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता दुखत नाही ना रे?"

"नाही गं, अजिबात नाही," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.