दुप्पट आणि निम्मे

गोदामात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि गेटवर बेअरिंगचा तिसरा ट्रक उभा होता.

“तुम्ही मागणी केवढी टाकलीत?” स्टोअरकीपरने फोरमनला विचारलं.

“नेहमीसारखी दुप्पट. तुम्ही हात आखडता घेता ना. पण शिल्लक किती दाखवलीत?”

“नेहमीसारखी निम्मी. तुम्ही दुप्पट मागता ना.”

दोघांनी खरेदीच्या बाईंकडे पाहिलं. दोघांच्याही थापा ओळखून ऑर्डरला कात्री लावायची, हे बाईंचं काम.

“माझ्याकडे काही आलंच नाही,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही कॉम्प्युटरवर आकडे भरलेत की ऑर्डर परस्पर जाते.”

बाहेर चौथ्या ट्रकचा हॉर्न वाजला. वीस वर्षांत त्या दोघांच्या शब्दावर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता. परवा बसवलेल्या सॉफ्टवेअरने ठेवला.