काळी हिरवळ

“माझ्या बापाला तुम्ही चोरासारखं हाकललंत, आणि आज तुम्हाला त्याचं तोंडही आठवत नाही.”

हे माळीण रोज म्हणायची. साहेबाला नाही, खुरप्याला. साहेब खुर्चीत बसून बाग सांभाळायचा. तो तिला धड ओळखत नव्हता, तर बापाला कुठून ओळखणार?

पाच वर्षांपूर्वी बापानं कचेरीसमोरच्या हिरवळीवर औषध मारलं. ‘हिरवळ जाळली’ असा शेरा मारून साहेबानं त्याला काढला आणि अख्खी हिरवळ खणून फेकली. म्हाताऱ्याला एक शब्द बोलू दिला नाही. तेव्हापासून तो घरात भिंतीकडे तोंड करून बसतो. कुंडीलाही हात लावत नाही.

यंदा नव्या हिरवळीतही सगळीकडे शेवाळ माजलं. साहेबाच्या वरच्या मोठ्या बाई पाहणीला यायच्या होत्या.

“शेवाळ, तण, काही दिसता कामा नये,” साहेब म्हणाला.

“मुळापासून घालवते,” माळीण म्हणाली.

दोन दिवस बसून तिनं तण खुरपलं. मग घरून आणलेली पूड तोलून पाण्यात विरघळवली आणि झारी उचलली.

मुकादम धावत आला. “कसली पूड गं?”

“बापाच्या डब्यातली.”

त्याचं तोंड उतरलं. “पोरी, उट्टं काढायला आलीस?”

“मग काय साहेबाचे पाय चेपायला?”

“अगं, माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची!”

“तुम्ही काही पाहिलं नाही, काका. तेव्हाही नव्हतंच पाहिलं.”

तिसऱ्या दिवशी हिरवळ काळी पडली. डांबर ओतल्यासारखी.

साहेब पायऱ्यांवरूनच ओरडला, “जाळलीस! तुझ्यासारखी माणसंच खरं तण!” त्यानं तिथल्या तिथे आदेश काढला: ‘हिरवळ कायमची नष्ट. गुन्हा सिद्ध.’

“सही ठळक करा, साहेब,” माळीण म्हणाली.

“मोठ्या बाईंसमोरच उभी करतो तुला. तोवर इथल्या काडीलाही कुणी हात लावायचा नाही!”

कुणी लावला नाही. बारा दिवसांनी मोठ्या बाई आल्या. साहेबानं आदेश खणखणीत आवाजात वाचला.

“तुला काही सांगायचंय?” बाईंनी विचारलं.

माळिणीनं दाताळं घेतलं आणि जोर लावून ओढलं. काळा थर जुन्या घोंगडीसारखा निघून आला. नुसतं शेवाळ, मेलेलं, कोरडं. खाली गवत उभं होतं. विरळ, पण हिरवंगार.

बाईंनी साहेबाच्या हातातला कागद काढून घेतला.

“मारलं की शेवाळ काळंच पडतं, साहेब,” माळीण म्हणाली. “माझ्या बापानंही एवढंच केलं होतं. आता बाईंसमोर सांगा, त्यानं जाळलं काय? बोला!”