खेकड्यांवरचा आळ

"कशाची अ‍ॅलर्जी आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"खेकड्यांची," सखुबाई नवऱ्याच्या आधी बोलली. "बाकी काय नाय."

रामनाथच्या बोटात माशाचा काटा मोडला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला. मनोरीहून फेरीबोटीने मार्वेला आणि तिथून रिक्षाने सासू-सून त्याला मालाडच्या दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. नर्स अँटिबायोटिकचं इंजेक्शन भरू लागली.

"सिस्टर, हे अमॉक्सिसिलिनसारखंच का?" नमिताने हळूच विचारलं.

"त्याच जातीचं."

नमिताने सासऱ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी, लग्नाला जेमतेम महिना झालेला, सासऱ्याची दाढ ठणकत होती. तिने स्वतःच्या उरलेल्या अमॉक्सिसिलिनमधली एक गोळी त्याला दिली. तिला बरं वाटलं होतं ना, मग डॉक्टर कशाला हवा? शहाणी! तासाभरात रामनाथच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. त्या दुपारी जेवायला खेकडे होते. सासूने सगळं खापर खेकड्यांवर फोडलं आणि नमिताने फोडू दिलं.

तेव्हापासून घरात खेकड्यांचा रस्सा शिजला की रामनाथच्या ताटात डाळ. जन्मभर खेकडे धरणारा माणूस तो! मुकाट जेवायचा. नमिता त्याच्या ताटाकडे बघायचं टाळायची. आज सांगू, उद्या सांगू, असं करत वर्ष गेलं.

नर्सने दंडावर कापूस फिरवला.

"थांबा!" नमिता ओरडलीच. "खेकड्यांनी काही झालं नव्हतं. मी यांना अमॉक्सिसिलिन दिली होती. भीतीने कुणाला बोलले नाही."

डॉक्टरांनी इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं. "अहो बाई, आज जिवावर बेतलं असतं यांच्या!" त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं आणि दुसरं औषध मागवलं.

सखुबाईने कपाळावर हात मारला. "सटवे! वरीसभर डाळ वाढली गं मी यांना!"

"बाबा, चुकलं माझं," नमिता रडायलाच लागली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

रामनाथची मान खाली. चोरी त्याचीच पकडली गेल्यासारखी.

"तिला नको बोलू," तो बायकोला म्हणाला. "होडीवर मी खेकडे खातोच. कधी काय झालं नाय. तवाच समजलो, ता गोळीचं काम. वाटलं, गोळी नाय घेतली म्हंजे झालं, सुईनं काय होतंय! घरात नवी आलेली पोर. तिला बोल लागू नये म्हनून गप ऱ्हायलो."