आत-बाहेर

दुकानाचं काचेचं दार जवळ गेलं की आपोआप सरकतं, हे कळल्याबरोबर आमच्या चिऊनं आत-बाहेर, आत-बाहेर सुरू केलं. ती ऑटिस्टिक आहे. एखादी गोष्ट आवडली की तीच पुन्हा पुन्हा करते. एरवी मी तिला ओढत न्यायचे आणि ती रडून रस्ता डोक्यावर घ्यायची. पण या वेळी थेरपिस्ट मॅडमनी बजावलं होतं, "ओढू नका. आधी तिच्यासोबत तेच करा, मग हळूच दुसरं काहीतरी सुचवा."

म्हणून लाज गुंडाळून ठेवली आणि तिचा हात धरून मीही आत-बाहेर करू लागले.

"अगं, लोक बघतायत!" सासूबाई पिशवी सावरत कुजबुजल्या.

"आई, तुम्हीपण या ना. उपचारच आहे हा."

कपाळाला आठ्या घालून त्या आमच्या मागोमाग निघाल्या.

थोड्या वेळानं मी भीतभीतच विचारलं, "चिऊ, आता बस बघायला जायचं?"

"बस!" म्हणत ती चक्क न रडता माझ्यासोबत निघाली. मला तर नाचावंसं वाटलं. सासूबाईंना सांगायला मागे वळले, तर त्या दारातच.


"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या, "मी आणखी एकदाच जाऊन येते!"